ताप घरचा असला तरी

बसमध्ये पाऊल टाकताच युक-हिंगच्या डोळ्यांत व्हिनेगरच्या वासानं पाणी आलं. भाच्याच्या बायकोनं सगळ्या सीट पुसून काढल्या होत्या. सार्सची साथ, आधी कोण परका बसून गेला असेल कुणास ठाऊक! पण बस सुटली आणि एकेकाचा मास्क हनुवटीखाली उतरला. आता काय, सगळे घरचेच. छिंगमिंगचा, पितरांच्या सणाचा महिना संपत आलेला; हाँगकाँगहून सीमेपलीकडच्या गावी पूर्वजांची थडगी झाडायला निघालेलं बावीस जणांचं कुटुंब, आणि मागच्या सीटवर नैवेद्याचं अख्खं भाजलेलं डुक्कर.

"आत्या, काढ की ते तोंडावरचं. आम्ही काय रोगी आहोत?" शेजारी बसलेला भाचा क्वोक-लुन हसला आणि हसता हसता खोकत सुटला.

"तोंड लाल का रे तुझं?"

"ऊन लागलं."

बाहेर दाट धुकं होतं.

गावी युक-हिंगची थोरली बहीण वाट बघत होती. एक्याऐंशीची, छातीनं अधू. थडग्यावरून सगळे तिच्याच घरी जेवायचे.

सीमेवरचं ताप मोजायचं यंत्र जवळ आलं तसं क्वोक-लुननं तापाच्या दोन गोळ्या गिळल्या. बायकोनं बर्फाचा टॉवेल त्याच्या कपाळावर दाबला. "यंत्राला काय कळतंय!" कुणीतरी ओरडलं. बस हसली.

युक-हिंगचं डोकं फिरलं. लहानपणी गावात देवी आल्या तेव्हा आईनं दाराला लाल कापड बांधलं होतं. ते बघून सख्खा मामा अंगणातूनच परतला. कुणाला अपमान वाटला नव्हता. आणि हे! परक्याच्या घामाला व्हिनेगर, स्वतःच्या तापाला टॉवेल!

तपासणीतून क्वोक-लुन सुटला. तो पुढे सरकणार तोच युक-हिंग तपासनिसाला म्हणाली, "साहेब, यानं गोळ्या घेतल्यात, कपाळाला बर्फ लावलाय. अर्ध्या तासानं टॉवेलशिवाय परत मोजा."

परत मोजलं तेव्हा ताप एकोणचाळीस अंश सेल्सिअस भरला. त्याला दवाखान्याच्या गाडीत घातलं, बाकीच्यांना माघारी घरी दहा दिवस कोंडून घ्यायला सांगितलं.

"म्हातारे, तुझ्याच सख्ख्या आईच्या थडग्याला मुकवलंस आम्हाला!" भाच्याची बायको किंचाळली.

"आई मेलीय. बहीण जिवंत आहे."

तिनं गावी फोन लावला. बहिणीला सगळं सांगितलं.

"बावीस माणसांचा भात टाकलाय मी. पोरगा आजारी, तर तू एकटी यायचंस."

"त्याच्याच शेजारी बसले होते गं, ताई."

"पुढच्या वर्षी मी असेन की नाही, कुणी बघितलंय?" बहिणीनं फोन आपटला.

युक-हिंग बसमध्ये चढली. कुणी सरकून जागा दिली नाही.

"मास्क वर घ्या," ती उभ्यानंच ओरडली, "सगळ्यांनी!"