बाबांच्या नियमाने

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सुट्टीला जायचं की नाही, यावर घरात महिनाभर चर्चा चालली. चर्चा चालली म्हणजे थोरलीने ठरवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"घर तेच, तळ्याकाठचं. दिवस तेच. नियमही तेच," तिने फोनवर धाकटीला सांगितलं. "बाबा नाहीत म्हणून बाबांचं काही थांबणार नाही."

थोरली बेचाळीस वर्षांची. बाबांनी ज्या कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, तिथेच ती आता शिकवायची. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. कडाक्याच्या थंडीतही सायकलनेच कॉलेजला जायची. नाकाचा शेंडा लाल, चष्म्यावर वाफ, आणि बसमधून उतरणाऱ्या सहकाऱ्यांकडे ती अशा नजरेने बघायची, की थंडी ही जणू अशक्त लोकांनी उठवलेली आवई आहे. देव नाही, फुकट काही मिळत नाही, आणि रडल्याने फक्त नाक वाहतं, ही तीन वाक्यं बाबांनी तिला ती सहा वर्षांची असताना शिकवली होती. पाढे नंतर आले.

सुट्टीचे नियमही बाबांचेच. घरात पाऊल टाकलं की आधी खाटांचा लिलाव. पोरींनी वर्षभर साठवलेल्या खाऊच्या पैशांतून बोली लावायची. धाकटीच्या हातात पैसा कधी टिकला नाही, म्हणून ती दरवर्षी घरातल्या बोळात झोपायची, दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात. "बाजार निर्दय नसतो गं, फक्त खरं बोलतो," बाबा तिला समजावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी सायकलने धरणापर्यंत जाऊन यायचं, एकूण चौदा किलोमीटर, रस्त्यावर बर्फ असो नाहीतर नसो. जो शेवटी परत येईल त्याच्याकडे आठवडाभर भांडी. आणि वाटेत जो पडेल त्याने स्वतः उठायचं. कोणी हात द्यायचा नाही.

हा शेवटचा नियम कसा जन्माला आला, ते बाबा दरवर्षी जेवताना रंगवून सांगायचे. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आई धरणाच्या वळणावर घसरून पडली. पडल्या पडल्या तिने आधी वर आभाळाकडे बघून देवाचा धावा केला, मग बाबांकडे बघितलं. "आणि दोघांपैकी एकजणही वाकला नाही!" असं म्हणून बाबा टेबलावर थाप मारायचे. पोरी खो-खो हसायच्या. आईही हसायची. तिचं मनगट मोडलं होतं आणि त्या मोडक्या मनगटाने ती नऊ किलोमीटर सायकल चालवत आली होती, हा त्या गोष्टीतला सगळ्यात मजेचा भाग. त्यानंतर आई सायकलवर बसली नाही. न येणारा तो शेवटचाच, या न्यायाने भांडी कायमची तिच्याकडे आली.

यंदा लिलाव थोरलीने पुकारला. धाकटीचा नवरा बस चालवायचा. मितभाषी, जाडजूड, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला वाटलं थट्टा चालली आहे. त्याने कोटाचं एक तुटकं बटण पुढे केलं. थोरली हसली नाही. त्यांची नऊ वर्षांची मुलगी मात्र गंभीर होती. घरात तिला चिमणी म्हणायचे. खिडकीजवळच्या खाटेसाठी तिने आपली अख्खी पर्स टेबलावर रिकामी केली. थोरलीने ती नाणी मोजली आणि वर एक नाणं ठेवून खाट स्वतः घेतली.

"ताई, अगं लहान आहे ती," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच. आत्ता शिकली तर पुढे रडणार नाही."

चिमणी बोळात झोपली.

सकाळी थोरलीला एक गोष्ट खटकली, म्हणजे खरं तर आवडली. आई रोज उठल्यावर भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. जन्मभर. बाबा पलीकडच्या खोलीतून ओरडायचे, "आला का गं निरोप?" यंदा आई उठली ती सरळ पाव कापायला लागली.

"आई, पुटपुटणं बंद वाटतं? उशिरा का होईना, बाबांचं पटलं म्हणायचं."

"हो," आई म्हणाली. "असंच काहीसं."

धाकटीला सर्दी झाली होती, ती घरी राहिली. थोरली, धाकटीचा नवरा आणि चिमणी निघाले. तळ्याच्या कडेने रस्ता काचेसारखा चकाकत होता. तिसऱ्या किलोमीटरला नवऱ्याचं चाक पंक्चर झालं. तो उतरला, म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच मागून." मग जरा घुटमळून म्हणाला, "ताई, तिला सांभाळा हं."

धरणाच्या वळणावर चिमणी पडली. सायकल पायावर आडवी, एक हातमोजा चरातल्या पाण्यात. थोरली दहा पावलांवर थांबली, एक पाय जमिनीवर टेकवून.

"ऊठ."

"मावशी, पाय अडकलाय."

"मग काढ."

पोरीने ओढून बघितलं. पाय निघेना. ती रडायला लागली आणि रडता रडता, आजीकडून उचललेलं असावं, "देवा, देवा" म्हणायला लागली.

"त्याला वेळ नाही. ऊठ."

थोरलीने घड्याळ बघितलं. मनातून तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. छातीत काहीतरी ओढल्यासारखं झालं होतं, पण असल्या ओढीला बळी पडायचं नाही, हेच तर ती आयुष्यभर शिकली होती. अकरा मिनिटं गेली. पोरीच्या विजारीवर ओला डाग पसरला आणि त्यातून वाफ निघाली. मग कसाबसा पाय सुटला. ती उठली. एक हात उघडा ठेवून ती धरणापर्यंत गेली आणि परत फिरली, दात वाजवत, एक शब्द न बोलता. थोरलीला तिचा अभिमान वाटला. तिने तसं सांगितलंसुद्धा.

अर्ध्या वाटेत बाप भेटला. त्याने मुलीकडे बघितलं, तिची सायकल रस्त्याकडेला टाकली, तिला उचलून कोटाच्या आत घेतलं आणि चालायला लागला. थोरली पुढे निघून गेली आणि पहिली घरी पोचली.

दुपारी सगळे जेवायला बसले. बटाट्याचं सूप होतं, पाव होता. चिमणीचे हात तासभर कोमट पाण्यात धरून झाले होते, तरी दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी दिसत होती. कोणी बोलत नव्हतं. ही शांतता थोरलीला बरी वाटेना. या टेबलावर बाबा असताना कधी शांतता नसायची. तिने चमचा खाली ठेवला आणि गोष्ट सांगायला घेतली, अगदी बाबांच्या लयीत. पोर कशी पडली, कशी आभाळाकडे बघायला लागली, मावशी कशी हलली नाही.

"आणि मग आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? विजारीतच—"

चिमणी उठली. खुर्ची मागे पडली. ती बोळात गेली आणि तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. धाकटी तिच्यामागे जायला उठली.

"बस तू," आई म्हणाली. "तू पण ऐक. तुला माहीत आहे, तरी ऐक."

आईने हात पुसले.

"थोरले, तू त्या दिवशी सभागृहात बोललीस. तुझे बाबा जसे जगले तसेच गेले, भीतीशिवाय, कोणाचा धावा न करता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरोपाच्या सभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या."

"खरंच होतं ते. शेवटच्या रविवारी त्यांनीच मला सांगितलं."

"रविवारी तू यायचीस ना. रविवारी दाढी करून घ्यायचे, उशा लावून बसायचे, विनोद करायचे. तू गेलीस की दोन तास थरथरत पडायचे. मंगळवारी संध्याकाळी मला म्हणाले, 'अगं, काहीतरी म्हण. तुझं ते सकाळचं म्हण.' मी म्हटलं, 'अहो, मला येत नाही.'"

थोरली हसली.

"म्हणाले, 'त्रेचाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोय मी.' मी म्हटलं, 'तुम्हाला भास झाला असेल.' तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा हात जोडले. ह्यांना हात जोडता येतात हे मला माहीत नव्हतं. मी चादर नीट केली, दिवा बारीक केला आणि खुर्चीत बसून राहिले. बुधवारी काही मागितलं नाही. गुरुवारी गेले."

"खोटं आहे," थोरली म्हणाली. "तू सूड म्हणून बोलतेस." ती धाकटीकडे वळली. "खोटं आहे ना?"

धाकटी वाडग्यात बघत होती. "मी दारात होते, ताई. औषध घेऊन आले होते. मलाही वाटलं, आईने म्हणावं. मग वाटलं, नको म्हणू दे."

थोरली पुन्हा आईकडे वळली. "तुला येत होतं, आई. रोज म्हणायचीस. किती वेळ लागला असता?"

"चार ओळी आहेत. मिनिटसुद्धा नाही."

"मग का नाही म्हटलंस?"

"म्हणायचं नव्हतं," आई म्हणाली. "येत होतं आणि म्हणायचं नव्हतं. त्यानंतर मात्र खरंच येईनासं झालं. भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले की ते जोडलेले हात दिसतात. म्हणून सकाळी पाव कापते. तुला वाटलं मला अक्कल आली."

थोरली उठली, कोट चढवला, सायकल काढली. उन्हं कलती होती. तळ्यावरून येणारा वारा दातांत घुसत होता. ती जीव तोडून पायडल मारत राहिली. मनात तिने बाजू मांडायला सुरुवात केली: मरताना मेंदूला प्राणवायू कमी पडतो, माणूस काहीही बडबडतो, त्याला मत म्हणत नाहीत. मुद्दा बिनतोड होता. पण तो मांडून झाला तरी जोडलेले हात जाईनात. मग तिला वाटलं, निदान ते चार ओळींचं काय होतं, ते तरी आठवावं. लहानपणी हजार वेळा कानावर पडलं असेल. तिला पहिले दोन शब्द आठवले. पुढचं काही आठवेना, कारण त्या दोन शब्दांनंतर दरवेळी बाबांचा आवाज यायचा आणि ती हसायला लागायची.

चाक घसरलं तेव्हा ती वळणावर नव्हतीच, सरळ रस्त्यावर होती. गुडघा फुटला. ती रस्त्यावर बसून राहिली. एक दूधवाला गाडी थांबवून उतरला आणि त्याने काही न विचारता तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. "लागलंय का हो?" म्हणाला. थोरलीने त्याला झिडकारलं. तो गोंधळून निघून गेला, आणि मग मात्र ती रडली. सायकल ढकलत ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने धाकटीची मंडळी निघाली. चिमणीची बोटं सुजून लाल झाली होती. वाचतील, असं गावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. थोरली लंगडत थांब्यापर्यंत गेली. चिमणीची पिशवी घ्यायला तिने हात पुढे केला, तर पोरीने पिशवी पोटाशी धरली.

धाकटीचा नवरा टपावर सामान चढवून खाली आला. त्याने हातमोजे काढले, जसं काही सही करायची आहे.

"ताई, तुम्ही आमच्या घरी येऊ नका. वाढदिवस असो, आजारपण असो. काहीही असो."

"हे दोघांचं मत आहे?"

"हो," धाकटी बसच्या पायरीवरून म्हणाली.

आईला त्यांच्याबरोबर जाता आलं असतं. तिने सामान भरलंच नाही. घराचं भाडं रविवारपर्यंत भरलंय, एवढंच म्हणाली. शनिवारी बर्फ पडायला लागला, रस्ता बंद झाला आणि रविवारची बस बुधवारी आली. एवढे दिवस दोघी त्या घरात एकट्याच होत्या. थोरली स्वयंपाक करायची, आई जेवायची. मीठ जास्त झालं तर आई सांगायची. भांडी थोरलीने घासली. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा शेगडीपाशी बसल्या असताना तिने विचारलं, "तुला पश्चात्ताप होतो?"

आईने खरोखर विचार केला. "सकाळी होतो," ती म्हणाली. "दुपारपर्यंत जातो."

"तू त्यांच्यावर कधी प्रेम केलंस?"

"खूप," आई म्हणाली. "त्याशिवाय का एवढं जमलं?"

बुधवारी रात्र व्हायच्या आत त्या शहरात पोचल्या. थोरलीने आईची बॅग तीन जिने चढून वर नेली. गुडघा ठणकत होता. आईने कुलूप उघडलं, आत जाऊन दिवा लावला, बॅग ओढून उंबऱ्याच्या आत घेतली. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं; पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली दिसत होती.

"मी थोडी बसू का?" थोरलीने विचारलं. असं ती आयुष्यात पहिल्यांदा विचारत होती.

आईने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. दमलेल्या बाईने दाराशी आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तसं.

"आज नको गं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. थोरली थोडा वेळ जिन्यात उभी राहिली. मग कठड्याला धरून, एकेक पायरी, दुखरा पाय आधी टाकत खाली उतरली.