साठ रन, पंचेचाळीस रन

रत्नागिरीच्या मुलींचा बेसबॉल संघ दहापैकी सहा सामने हरला होता. आता शेवटची साखळी लढत होती. जिंकली तरच उपांत्य फेरी. सकाळीच निवड समितीचे महिपतराव प्रशिक्षक राजश्रीला म्हणाले, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, बदला. बुरोंडीची राही ऐन वेळी कच खाते.

राजश्रीने नकार दिला. तिने हिशेब मांडला होता. संघाने साठ रन काढले होते, दिले होते पंचेचाळीस. दोन्हींचे वर्ग करायचे, काढलेल्या रनांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागायचं; बेसबॉलमध्ये जिंकण्याचा अंदाज असा काढतात. उत्तर येत होतं शेकडा चौसष्ट. म्हणजे अशा संघाने दहात सहा तरी जिंकायला हवे होते. महिपतरावांनी लगेच बोट ठेवलं: मोठे विजय दुबळ्या संघांवरचे, त्यांनी आकडा फुगलाय. तेही खोटं नव्हतं. पण सहाही पराभव एकेका रनाचे होते. एवढ्याशा फरकात दैवच जास्त खेळतं, असं राजश्रीचं म्हणणं. शेवटी ते म्हणाले, "हरलात तर पुढच्या वर्षी दुसरा प्रशिक्षक बघू."

शेवटची इनिंग आली तेव्हा रत्नागिरी एका रनाने पुढे होती. समोरच्या संघाच्या दोघी बाद झाल्या होत्या, तिसरी बाद झाली की सामना जिंकला; पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक धावपटू उभी होती. एक चांगला फटका, की दोघींचे रन आणि सगळं संपलं. कुंपणापाशी महिपतराव राखीव पिचर सानवीला हात गरम करायला सांगत होते. राजश्रीने ते पाहिलं. पंचांकडे वेळ मागून ती राहीजवळ गेली.

राहीने चेंडू तिच्यापुढे धरला. "मॅडम, मला काढा. माझ्यामुळेच हरतो आपण."

"नाही हरत. तू कमी रन देतेस, म्हणून तर आपण इथवर आहोत. टाक."

पहिला चेंडू बाहेर गेला. दुसरा बॅटरने सणसणीत मारला. चेंडू राहीच्या कानाजवळून गेला आणि दुसऱ्या बेसजवळ झेपावलेल्या रत्नागिरीच्या मनस्वीच्या ग्लव्हमध्ये अडकला. क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग पंचांचा हात वर गेला.

मुली मनस्वीला जाऊन बिलगल्या. महिपतरावांनी येऊन राजश्रीला सांगितलं, तुमचा हिशेब खरा ठरला. ती म्हणाली, हे आजचं दैव होतं, हरलो असतो तरी हिशेब तोच राहिला असता.

राजश्री तिथेच तापलेल्या मातीत बसली. राही शेजारी येऊन टेकली.

"चेंडू वीतभर बाजूला गेला असता तर?"

"हरलो असतो. आणि माझ्या हातात असतं, तर पुढच्या सामन्यात पुन्हा तुलाच उभं केलं असतं."

राही बाटली उघडून घटाघटा पाणी प्यायली.