कान दिसलाच पाहिजे

किटली आहे मी. चिनी मातीची, निळ्या काठाची, एक तोटी आणि एक कान असलेली. पण चहाशी माझा कधी संबंध आला नाही. माझ्या झाकणाचा टवका उडाला होता आणि टवके उडालेल्या वस्तू शाळेला चालतात, असं दुकानदाराचं मत होतं. म्हणून मी दुकानातून थेट चित्रकलेच्या खोलीत आले.

काम एकच, मधल्या स्टुलावर बसून राहायचं. मुलं गोल करून बसायची आणि मला काढायची. कुणी माझा भोपळा करायचं, कुणी बदक. एकाने तर इतकं वाकडं काढलं की मलाच चक्कर आली. चित्रकलेच्या बाई प्रत्येकाच्या मागे उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, "तुझ्या जागेवरून दिसतं ते काढ. शेजाऱ्याच्या जागेवरून नको." जितकी मुलं तितकी माझी रूपं. मी जरा शेफारलेच होते म्हणा ना.

त्यात एक मुलगी होती. पेन्सिल टेकवण्याआधी ती इतका वेळ बघत बसायची की वर्गाने तिचं नाव टकमक ठेवलं होतं. तिची जागा माझ्या तोटीच्या बरोबर समोर. तिथून माझा कान दिसत नाही, तो पोटामागे लपतो.

मग वरून धोरण आलं. जे मोजता येत नाही ते शिकवू नये, असा त्याचा मथितार्थ. चित्रकलेचीही चाचणी ठरली. पोटाला तीन गुण, तोटीला तीन, कानाला तीन, झाकणाला एक. माझी वाटणी झाली ती अशी. हेडसरांनी मोबाइलवर बाजूने माझा फोटो काढला आणि तेच आदर्श उत्तर झालं. वर्गाचा निकाल कमी लागला तर चित्रकलेचा तास गणिताच्या सरावाला जाणार होता.

पहिल्या चाचणीत टकमकने काढलेलं चित्र बघून मी हरखले. तोटी नाकावर येईल अशी, आणि झाकणाचा टवकासुद्धा जागच्या जागी. कान अर्थातच नव्हता. तीन गुण गेले, आणि तिच्या बाजूला बसलेल्या सगळ्यांचेच गेले.

बाईंनी हेडसरांना खोलीत बोलावून आणलं. "सर, इथून कान दिसतच नाही. तुम्ही बसून बघा. आणि सगळी मुलं एका बाजूला मावत नाहीत."

हेडसर काही बसले नाहीत. "बाई, किटलीला कान असतो की नाही?"

"असतो, पण..."

"मग काढायला काय जातं?"

दुसऱ्या चाचणीच्या आधी बाई टकमकजवळ येऊन बसल्या. "या वेळी कान काढशील?"

"पण दिसत नाही ना, बाई."

"माहितीये गं. पण नाही काढलास तर आपला तास जाईल."

टकमकने माझ्याकडे एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलंच नाही. मान खाली घालून तिने पोटाला कान चिकटवून टाकला. आपल्याला कान आहे याची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

निकाल लागला, सगळ्यांना पैकीच्या पैकी. हेडसर हसतहसत आले. "कमाल केलीत, बाई. शंभर टक्के! म्हणजे आता चित्रकलेत यांना शिकवायचं काही उरलंच नाही." आणि तास गणिताच्या सरावाला देऊन टाकला.

हल्ली मी टेबलावर असते. पंख्याने प्रश्नपत्रिका उडू नयेत म्हणून माझं ओझं त्यांच्यावर ठेवतात. बाई पहारा देतात. तपासणाऱ्या मोठ्या माणसांनो, हात जोडायला मला हात नाहीत, पण कधी वेळ मिळालाच तर माझ्या तोटीसमोर जरा बसून जा.

टकमक पहिल्याच बाकावर, माझ्या तोटीच्या बरोबर समोर असते. परवा गणितं आटोपल्यावर तिने मान वर केली आणि बराच वेळ बघत बसली. मग उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर तिने मला काढलं. टवक्यासकट, कानाशिवाय.

पेपर गोळा करताना बाई तिथे थबकल्या. त्यांनी लाल पेन काढलं. झालं, आता फुली पडणार, असं मला वाटलं.

बाईंनी चित्राच्या डोक्यावर नीट अक्षरात लिहिलं, 'कच्चे काम'. कच्चं काम कुणी तपासत नाही.