वाढत्या अंगाचं धनुष्य

मी एक जुनं लाकडी धनुष्य आहे. मित्रांनो, दारव्ह्यात कलीम मेकॅनिकच्या गॅरेजात, पंक्चर ट्यूबांच्या शेजारच्या खिळ्यावर माझा मुक्काम आहे. कारागिराने माझी टोकं उलटी वळवली, तेव्हा मला शिंक आली नि तो बिचारा तिसऱ्या गल्लीत जाऊन पडला. माझा पहिला बाण थेट झरी जामणीच्या जंगलात गेला. तिथला वाघ अजून त्यानेच दात कोरतो. ट्यूबांना हे सगळं पटतं. हवा भरून घ्यायची त्यांना सवयच आहे.

पुढचं मात्र थाप नाही.

पुसदच्या दुकानात कलीमभाई आपल्या अकरा वर्षांच्या जेबाला घेऊन आले. तिला तालुक्याच्या तिरंदाजी संघात जायचं होतं. सोबत तिला शिकवणारे नानाजी मास्तर. त्यांनी माझ्या शेजारचं हलकं धनुष्य उचललं. कलीमभाईंची नजर माझ्यावर. मला ओढायला दुपटीने जोर लागायचा आणि त्याचा मला भारी तोरा होता.

"हे घेतो गुरुजी, वाढत्या अंगाचं. पोरीचा युनिफॉर्मबी मी दोन बोटं मोठाच शिवून घेतो."

"कलीमभाई, बाण घ्या वाढत्या अंगाचे, लांब. धनुष्य आजच्या खांद्याचं घ्या. हे काय फ्रॉक हाये, बाह्या दुमडाले?"

"अन् बाण बाहीर लोंबकळले तं लोक हासतीन ना!"

बाण जेबाच्या हाताला मोजून कापले. मी मोठं ते मोठंच राहिलं.

दोरी हनुवटीला टेकायला हवी. जेबाची छातीपुढेच थरथरायची. बाण दहा पावलांवर नाक घासायचा.

"अब्बा, ओढल्याच जात नाही."

"ताकद येईन बेटा, दूध पी."

ताकद यायच्या आधी खांदा सुजला. निवडीच्या दिवशी हात गळ्यात बांधून ती दुसऱ्यांचे बाण गोळा करत होती. त्या दिवशी मला मऊ व्हायचं होतं. लाकडाला ते जमत नाही.

मग हा खिळा. नानाजी म्हणाले, दोरी उतरवून ठेवा. "पुन्हा चढवाचा ताप कायले?" म्हणत कलीमभाईंनी तसंच टांगलं. तापल्या टिनाखाली पाच वर्षं मी ताणलेलं राहिलं. वरचं टोक पिळत गेलं.

गेल्या आठवड्यात सोळा वर्षांची जेबा आली. धूळ पुसली, बाण लावला, ओढलं. दोरी अलगद हनुवटीला टेकली! मित्रांनो, एवढ्याच क्षणासाठी माझा जन्म होता. पण जेबाचे हात वाढलेले, बाण आता आखूड. माझ्यावरून घसरून तो खाली पडला. आणि माझ्या आत 'कट्' झालं.

बाहेरून कलीमभाई खुशीत ओरडले, "पाह्य! म्हनलं होतं ना, एक दिवस बरोब्बर बसन!"

जेबाने माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. मला परत टांगलं. या वेळी दोरी उतरवून.

मित्रांनो, पहिलं धनुष्य आजच्या खांद्याचं घ्या, बाण उद्याच्या हाताचे घ्या, आणि खेळ संपला की दोरी उतरवा. माझं आता काही व्हायचं नाही.

ही चीर वाघाशी झुंजताना पडली, असं मी काल ट्यूबांना सांगितलं. पहिल्यांदाच त्यांना पटलं नाही.