न प्यायलेली दारू

"रोज अर्धा लिटर. तीस वर्षं झाली," तोआदेरने डॉक्टरबाईंना बिनदिक्कत सांगितलं आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, सावेताने, चमकून त्याच्याकडे बघितलं.

कारण तोआदेर पीतच नव्हता. हुशी शहराभोवतीच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात तो दारूची लाकडी पिंपं बनवायचा, आणि पिंपं बनवून थेंब न चाखणारा म्हणून गाव त्याची टिंगल करायचं. लग्नातही पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवणारा माणूस!

दोन महिने रोज संध्याकाळी ताप येत होता. अन्नावरची वासना उडाली होती, हाडं तेवढी उरली होती. छातीचा फोटो स्वच्छ निघाला, पण सोनोग्राफीत सुजलेल्या यकृतात गाठी दिसल्या.

"दारूने खराब झालेलं यकृत, त्यात गाठी. कॅन्सरच असावा," डॉक्टर ओलारूबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "उद्या सुईने तुकडा काढून बघू. घरात कोणाला क्षय झाला होता?"

"छे! कोणाला नाही," तोआदेर म्हणाला.

बाहेर आल्या आल्या सावेता त्याच्यावर उखडली. "अहो, कशाला खोटं बोललात? तुमच्या आईचं काय?"

"हळू बोल. बेवडा म्हटलं तर गाव हसतं. क्षयाचं घर म्हटलं तर गाव आपल्या हातचा पाव खात नाही."

ते खोटं नव्हतं. त्याची आई क्षयाने गेली तेव्हा शेजाऱ्यांनी तिचं अंथरूण शेतात नेऊन जाळलं होतं. तिच्या श्राद्धाला तोआदेरच्या बहिणीने भाजलेला पाव कोणी शिवला नव्हता. आणि आता त्यांची लेक, लाक्रिमियोआरा, पावाची भट्टी चालवत होती. तीन गावांतल्या मेलेल्यांच्या नावाने वाटायचे गोल पाव तिच्याकडून जायचे.

"लेकीच्या पोटावर पाय देऊ?" तोआदेर म्हणाला. "कॅन्सर असेल तर मी तसाही चाललोच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

 सावेता बसच्या थांब्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बस आली नि निघून गेली. दारूचं नाव घेऊन नवरा खुशाल मरायला निघाला होता आणि तिने मुकाट बघत बसायचं? एकीकडे लेक, एकीकडे नवरा. तिला दोघांचाही राग आला, आणि गावाचा सगळ्यात जास्त. शेवटी ती दार न वाजवताच आत शिरली.

"डॉक्टरबाई, हा माणूस ईस्टरलासुद्धा पीत नाही. आणि याची आई क्षयाने गेली."

ओलारूबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आज सांगताय? उद्या तो अख्खा तुकडा आम्ही फॉर्मॅलिनमध्ये टाकला असता. त्यात क्षयाचे जंतू मरतात. मग जंतू वाढवून काय बघणार होतो, कपाळ?"

दुसऱ्या दिवशी अर्धा तुकडा साध्या सलाईनमध्ये क्षयाच्या प्रयोगशाळेत गेला. पाचव्या दिवशी जलद चाचणीचा निकाल आला. यकृताचाच क्षय.

"सहा महिने गोळ्या घ्या, बरे व्हाल," बाई म्हणाल्या. "आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. तुमच्यापासून कोणाला लागणार नाही."

सावेता ढसाढसा रडली. तोआदेरने भिंतीकडे तोंड फिरवलं. "झालं समाधान?" एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर शेजारची झाम्फिरा भट्टीवर हजर. "काय ग सावेता, यकृत बिघडलंय म्हणे. दारूच नडली ना शेवटी? मिटक्या मारत चोरून पीत असेल हो!"

लेक आईकडे बघत राहिली. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण ज्या माणसाने कधी पेला रिकामा केला नाही, त्याला सावेता बेवडा म्हणवून घेणार नव्हती.

"दारू नाही. क्षय आहे, यकृताचा. कोणाला लागत नाही."

झाम्फिराने हातातला पाव फळीवर ठेवला आणि हात झग्याला पुसले. "घरी पीठ मळून ठेवलंय ग, विसरलेच होते."

त्या रविवारी पाव घ्यायला कोणी आलं नाही. पुढच्या रविवारी दोघी-तिघी आल्या. तिसऱ्या रविवारी तीस पाव उरले. लेक ते डुकरांसाठी पोत्यात भरत होती आणि सावेता पोत्याचं तोंड धरून उभी होती. आपणच हे केलं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

उन्हात बसलेला तोआदेर उठून आत आला. "एक दे इकडे."

कांदा आणि मीठ घेऊन तो बसला. दोन महिने ज्याच्या घशाखाली दोन घास उतरत नव्हते, त्याने अख्खा पाव संपवला, कपड्यावरचे कणही वेचून खाल्ले.

"आणखी आहे का ग?"

"आहेत बाबा," लेक म्हणाली, "एकोणतीस आहेत," आणि हसता हसता तिला रडू फुटलं.