ओटीतला नारळ

साकीनाक्याला एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर, घरगुती दिवे जोडायचा एक गाळा आहे. तीसेक बायका आणि आठ-दहा पुरुष तिथे कामाला. त्या गाळ्याची एक रीत होती. ऑफिसातून कुठलाही कागद आला की मॅनेजर सुबोध आधी त्यावर पेन्सिलीने फुली मारायचा. फुली असेल तिथे सही करायची आणि कागद पुढे सरकवायचा. वाचायला कुणी मनाई केली नव्हती. पण कुणी वाचत उभी राहिली की मागून आवाज यायचा, "काय गं, परीक्षेला बसलीयेस का?" मग सगळ्या हसायच्या आणि ती सही करून मोकळी व्हायची.

मंडळी, ही रीत एकट्या त्या गाळ्याची समजू नका. बँकेत, शाळेत, इस्पितळात आपण सगळे फुलीच शोधतो.

चेतना त्या गाळ्यात चार वर्षं सोल्डरिंगच्या टेबलावर होती. बारावी शिकलेली, हात चपळ. तिने जोडलेला दिवा कधी परत आला नाही. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने सुबोधला जाऊन सांगितलं, "सर, सोल्डरचा धूर आता सोसत नाही. मला चेकिंगच्या टेबलावर बसवा ना." सुबोध म्हणाला, "बघू." बघू बघू म्हणता सातवा महिना लागला आणि चेतना धुरातच राहिली. तोंडाला ओढणी बांधून.

सातवा लागला तशी वनमालाकाकी उठली. वनमाला कणकवलीकडची, गाळ्यात सगळ्यांत जुनी, टेबलांवर तिचाच शब्द चालायचा. तिने बायकांना सांगितलं, "गुरवारी जेवणाच्या सुट्टीत चेडवाचा डोहाळजेवण करूया. हिरवा लुगडा माझ्याकडे आसा."

चेतनाचं घर बौद्ध. त्यांच्याकडे ओटी भरत नाहीत. तिने सासूला विचारलं, तर सासू चंपाबाई म्हणाली, "बाया मायेनं करून राहिल्या. त्यांचं मन काऊन मोडायचं? जा, बस पाटावर."

गुरुवारी पॅकिंगचं टेबल पुसून त्यावर चादर घातली. हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, ओटीत तांदूळ आणि नारळ. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. चेतनाने डावी उघडली. बर्फी निघाली.

"बघा, मुलगी," एक जण म्हणाली. "आणखी एक सोल्डरवाली."

"सोल्डरवाली कशाला," वनमाला म्हणाली. "मॅनेजरीण होईल. सुबोध सरांची खुर्ची घेईल."

सुबोधही हसला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला, गाळ्याच्या ग्रुपवर टाकला आणि ती बर्फी खाल्ली.

शनिवारी सुटायच्या वेळी त्याने चेतनाला बोलावलं. "तुझ्या रजेचा अर्ज. आधीच भरून ठेवलेला बरा. फुली आहे तिथे सही कर. वनमालाताई, साक्षीदार म्हणून तुम्ही इथे." दोघींनी सह्या केल्या. बस गाठायची होती. चेतनाने त्याची एक प्रत मागून घेतली, तीही न वाचता पर्समध्ये ठेवली.

सोमवारी दारातल्या हजेरीच्या मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. पुसून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. वॉचमन खाली बघून म्हणाला, "ताई, तुमचं नाव काढलंय."

सुबोध जिन्यात आला. "अगं, राजीनामा तूच दिलास की. आणि गुरुवारी बायकांनी तुला नारळ दिला ना? मग आता काय राहिलं?"

मागे उभे असलेले दोघे पॅकर फिदीफिदी हसले.

आपल्या मराठीत नारळ दोन तऱ्हेचे आहेत. एक ओटीत घालतात, दुसरा हातावर ठेवून घरी पाठवतात. बायकांनी पहिला दिला होता. या माणसाने त्याचा दुसरा केला, आणि वर विनोद केल्याच्या ऐटीत जिना चढून गेला. सात महिन्यांची पोटुशी बाई जिन्यात उभी होती आणि तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

दिंडोशीला घरी आल्यावर चेतनाने नवऱ्याला सांगितलं. विशाल लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

"जाऊ दे ना यार," तो म्हणाला. "नाहीतरी दोन महिन्यांनी घरीच बसणार होतीस. बाळ मोठं झालं की दुसरीकडे बघू."

"मी घरी बसणार नव्हते. रजेवर जाणार होते," चेतना म्हणाली. "त्या दोन्हीत फरक आहे, विशाल."

"कायदे मोठ्या कंपन्यांना असतात गं. गाळ्यात कुठले कायदे?"

चंपाबाई भाजी निवडत ऐकत होती. "कागद दाखव," ती म्हणाली.

चंपाबाई बुलढाण्याकडची. चाळीस वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केली आणि बावन्नाव्या वर्षी विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकली. तिला अजून बोट ठेवून वाचावं लागायचं. ती वाचायला लागली. "मी... स्व... खु... शी... ने." बोट थांबलं. "स्वखुशीने. कोणाची खुशी ही?"

तिने कागद दोघांपुढे धरला.

"तू बारावी शिकली, हा आयटीआय शिकला. तुम्ही कागद पाहता. मला अक्षर अक्षर जुळवावं लागते, म्हणून मी वाचते." तिचा आवाज चढला नाही. "पोटात लेकरू आहे म्हणून बाईला काढलं, अन् लिहून घेतलं की ती खुशीनं गेली. मारायचं अन् वरून लिहून घ्यायचं की लागलं नाही. आपल्या बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेसाठी भाषण केलं होतं. शंभर वर्षं होत आली. विहारात वाचलं मी. तवा आपल्या बायांना अक्षर येत नव्हतं. आता येते, अन् तू म्हणते जाऊ दे?"

"मी नाही म्हटलं जाऊ दे. तुमचा मुलगा म्हणाला," चेतना म्हणाली.

"तो पण येईल उद्या. अर्धा दिवस लिफ्ट बंद राहिली तर लोक जिन्यानं जातील."

दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या विधी सेवेच्या कार्यालयात त्यांना शुभा नावाच्या वकीलबाई भेटल्या. विशालने पहिल्यांदा फी विचारली. शुभाताई म्हणाल्या, "बाईला इथे फी नसते. कमाई कितीही असो, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे बाहेर सांगा, फार कुणाला माहीत नसतं." मग त्यांनी चेतनाला जवळ बसवलं. "दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला असतील तिथे बाळंतपणाचा कायदा लागतो. गाळा असो की काचेची इमारत. वर्षभरात ऐंशी दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे भरपगारी रजा. गरोदर आहे म्हणून काढणं बेकायदा. अवघड, त्रासाचं काम नको असं तुम्ही सांगितलंत, तेही ऐकायला हवं होतं."

"पण सही माझीच आहे, मॅडम."

"फसवून घेतलेली सही रद्द ठरवता येते. फक्त फसवलं हे दाखवावं लागतं. आपण आधी नोटीस देऊ, मग कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार. तुम्ही आठवड्यात आलात हे चांगलं केलंत. लोक वर्षाने येतात."

नोटिशीचं उत्तर आलं, ते वाचून विशालची कानशिलं तापली. कंपनीने लिहिलं होतं की बाई गरोदर आहे याची व्यवस्थापनाला काहीच कल्पना नव्हती. तिने स्वखुशीने राजीनामा दिला. तिला रीतसर निरोप समारंभ करून नारळ देण्यात आला. पुरावा म्हणून फोटो जोडला होता, आणि साक्षीदार, वनमाला.

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोला," विशाल म्हणाला. त्या दिवसापासून जाऊ दे हा शब्द त्याच्या तोंडून गेला.

पण खरी अडचण वनमाला होती. राजीनामाच होता असं तिने सांगितलं, तर चेतनाचं काम गेलं, रजा गेली, आणि तान्ह्या बाळासह पुन्हा दारोदार काम मागणं आलं. चेतनाने फोन केला, तर वनमालाने उचलला नाही. म्हणून रविवारी चंपाबाई स्वतः घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरउतारावर, वनमालाच्या खोलीवर गेली. चेतना सोबत होती.

वनमालाने चहा दिला, पण डोळे वर केले नाहीत. "माका यात ओढू नको गो. माझी पण नोकरी आसा. आणि खरं सांगू? रीतच आहे ती. पोटुशी झाली की बाई काम सोडते. माझी दोन बाळंतपणं झाली, दोन वेळा सोडलंय. मी नाय रडले."

"रडली नाही, बरं केलं," चंपाबाई म्हणाली. "पहिल्या वेळी कुठं होती कामाला?"

"अंधेरीत. शर्टाच्या कारखान्यात. कॉलर लावायचे मी. कॉलर सगळ्यांना नाय जमत."

"मग?"

"मग काय, सोडलं. सव्वीस वर्षांची होते, तेवीस वर्षं झाली त्याला. बाळ वर्षाचं झाल्यावर परत गेले, तर म्हणाले जागा नाही, धागे कापायला बस. दुसऱ्या वेळी तेही गेलं. मग इथे आले. हेल्पर म्हणून."

"सव्वीस वर्षांची होती तवा कारागीर होती," चंपाबाई सावकाश म्हणाली, "अन् आज पन्नाशीला हेल्पर. याला रीत म्हणते तू? तुझ्या हातातली विद्या घेतली त्यांनी. चोरानं रोज चोरी केली म्हणून ती रीत होत नाही, बाई."

वनमाला कपातल्या सायीकडे बघत राहिली. जाताना तिने चेतनाला इतकंच विचारलं, "पाय सुजतत काय गो?"

ती तारखेला खरं सांगेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

कामगार अधिकाऱ्यांपुढे तारीख लागली. सुबोध कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने फोटो पुढे केला. "निरोपाचा कार्यक्रम, साहेब."

अधिकारी सोलापूरकडचे, वयस्कर. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला, मग सुबोधकडे पाहिलं. "निरोपाला फुलांची वाडी घालतात?"

"बायका हौसेने..."

"आणि या दोन वाट्या कशाला झाकल्यात?"

शुभाताई म्हणाल्या, "यांनी स्वतः काढलाय हा फोटो. आणि उत्तरात लिहितात, गरोदर असल्याची कल्पना नव्हती."

"ठीक आहे, असेल डोहाळजेवण," सुबोध चिडून म्हणाला. "पण राजीनामा त्यानंतर दिला. सही तिची आहे. साक्षीदाराची आहे. विचारा साक्षीदाराला."

वनमाला दाराजवळच्या बाकावर होती. कंपनीनेच तिला आणलं होतं. ती उठली, पदर खांद्यावर घेतला.

"सही माझी आसा," ती म्हणाली. "पण कागद मी वाचूक नाय. यांनी रजेचा अर्ज म्हणून सांगितलं, म्हणून केली. हिने पण तसंच ऐकून केली, मी शेजारी उभी होते. आणि तो नारळ मी घातलंय हिच्या ओटीत, या हातांनी. लेकराला आणि आईला बरं पडूक म्हणून. नोकरीवरून काढूक नाय! त्या नारळाची अशी थट्टा यांनी करायला नको होती, साहेब."

सुबोध म्हणाला, "वनमालाताई, विचार करून बोला."

"तेवीस वर्षं न बोलता विचारच केलाय, सर."

अधिकाऱ्यांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं, आणि या बाईला त्रास झाल्याचं कानावर आलं तर वेगळी कारवाई होईल, हेही सुबोधला ऐकवलं. पुढच्या तारखेला मालक स्वतः आला. राजीनामा रद्द झाला. चेतनाला लेखी कामावर घेतलं आणि रजा मंजूर झाली. सुबोधने माफी मागितली नाही. मालकाने त्याला मागायला लावलीही नाही. खरं ते सांगावं म्हणून हे सांगतो.

त्या दिवशी वनमालाही आली होती. बाहेर पडल्यावर तिने शुभाताईंना बाजूला घेतलं.

"मॅडम, तेव्हा पण होता काय हा कायदा? माझ्या वेळेला? शर्टाच्या कारखान्यात होते तेव्हा?"

"होता. रजा कमी होती, बारा आठवड्यांची. पण काढायला बंदी तेव्हाही होती."

"मग माझं काय मिळेल आता?"

शुभाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता नाही, काकी. मुदत कधीच संपली. आणि तो कारखानाही राहिला नसेल."

वनमाला फुटपाथवर तशीच उभी राहिली. चेतनाने तिचा हात धरला. मग वनमालाने पदराने तोंड पुसलं, पिशवीतून मोबाइल काढला आणि चेतनासमोर धरला.

"माझी सून मुलुंडला दुकानात आहे. चौथा महिना. कालच मी तिला सांगितलं, सातव्यात काम सोड म्हणून. तिचा नंबर लाव. मला तिला सांगायचंय की मी चुकीचं सांगितलं."

चेतनाने नंबर लावून दिला.

मंडळी, वनमालाचा हक्क तिच्या वेळीही कायद्यात लिहिलेला होता. तिला तो कुणी वाचून दाखवला नाही. ज्यांना माहीत होता, त्यांचा फायदा ती गप्प राहण्यातच होता. बाळंतपणाची रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, आणि आई होणं हा कामावरून काढायचा गुन्हा नव्हे. सही करण्याआधी कागद वाचा, वेळ लागला तर लागू द्या, मागची रांग हसली तर हसू द्या. अन्याय झाला तर लगेच उठा, कारण हक्कालाही मुदत असते. आणि आपल्याला कळलेलं दुसरीला सांगा. आपल्या घरातल्या बाईला तर आधी सांगा.