साडूचा नकाशा

टपालदादा साडूवर जळत होते. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? वस्तीत सगळ्यांना ते कळलं होतं, त्यांच्या बायकोला तर सगळ्यांच्या आधी. कळलं नव्हतं ते फक्त साडूला, कारण तो बिचारा सदानकदा कामात असायचा.

एकतीस वर्षं दादांनी या वस्तीत टपाल वाटलं. कोण कितव्या मजल्यावर, कुणाचा जिना कुठून, कोण घर बदलून कुठे गेलं, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून चौकातल्या बाकावर बसत. कुणी नवखा माणूस पाट्या वाचत घुटमळताना दिसला की विचारत, "कुणाकडे जायचंय?" मग पत्ता सांगता सांगता त्या घराचा तीन पिढ्यांचा इतिहासही सांगून टाकत. माणूस कंटाळायचा, पण बरोबर पोचायचा.

साडू म्हणजे दादांच्या मेहुणीचा नवरा. चौकापलीकडे त्याचं औषधांचं दुकान. म्हाताऱ्याकोताऱ्यांना औषधं घरपोच पाठवायची तर पोचवणारे गल्लीबोळांत हरवायचे, म्हणून त्यानं फोनवर एक ग्रुप काढला आणि ग्रुपवर वस्तीचा एक नकाशा चढवला. ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं भरायचं. दार कुठे, बेल चालते का, कितवी पायरी मोडकी, कुणाला ऐकू कमी येतं म्हणून दोनदा वाजवायचं. खूण कुणीही ठेवावी, कुणीही हलवावी, फक्त दुसऱ्या कुणीतरी जागेवर जाऊन पाहावं आणि खाली 'बघितलं' असं लिहावं. नियम म्हणावा तर एवढाच. सहा महिन्यांत आठशे माणसं जमली. शाळेतल्या बाई, सुतार, नर्सबाई, दूध टाकणारे, सगळे आपापल्या खुणा घेऊन हजर. औषधांसाठी काढलेल्या नकाशावरून लोक पाहुण्यांना बोलवायला लागले.

आणि दादांचं बाकावरचं काम संपलं.

हे त्यांना कळलं तो दिवस त्यांना चांगला आठवतो. एक माणूस हातात पुडकं घेऊन अगदी त्यांच्या समोर येऊन थांबला. दादांनी कॉलर सारखी केली, घसा खाकरला आणि विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

"नको काका, सापडलं," असं म्हणून तो माणूस फोनवरची नजर न उचलता गेला. आणि बरोबर गल्लीत वळला, हे जास्त लागलं. निदान चुकला तरी असता मेला!

घरी यावं तर बायकोचं पालुपद चालू. "धाकटीच्या नवऱ्यानं बघा कसं सगळ्यांना जोडलं! आज म्हणे दुसऱ्या वस्तीची माणसं आली होती, आम्हालाही असंच करून द्या म्हणून."

"तो काय जोडतोय? पायी किती फिरलाय तो?" दादा उसळले. "दुकानात पंख्याखाली बसून गल्ल्या कळतात होय?"

"मग तुम्ही भरा ना त्यात. तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय?"

बायकोनं हे सहज म्हटलं होतं. दादांनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांनी फोन काढला, ग्रुपात शिरले, 'टपालदादा' याच नावानं नोंद केली आणि चष्मा पुसून साडूच्या नकाशात खोट काढायला बसले. मदत बिदत काही मनात नव्हती हो. त्यांना फक्त चारचौघांत साडूचं नाक कापायचं होतं.

दोन दिवस काही सापडेना, तेव्हा त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते नकाशात मागच्या गल्लीपाशी पोचले आणि खुर्चीतच ताठ झाले. तिथल्या घरांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून उभ्या होत्या, मधून ती अरुंद गल्ली. नकाशावर सगळ्या खुणा घरांच्या पुढच्या बाजूला, रस्त्यांवर. दादा एकतीस वर्षं त्या मधल्या गल्लीतूनच गेले होते. दोन्हीकडच्या भिंतींत टपालाच्या फटी होत्या, एका फेरीत दोन्ही ओळी उरकायच्या. त्यांच्या पायांना ती घरं तिथूनच माहीत. घराचं तोंड कुठे असतं? जिथे टपाल पडतं तिथे! याबद्दल त्यांच्या मनात तसूभरही शंका नव्हती.

"सापडला! पुरता सापडला!" ते एकटेच ओरडले आणि एका बैठकीत सव्वीस घरांच्या खुणा उचलून मागच्या गल्लीत आणून ठेवल्या.

प्रत्येक खुणेखाली त्यांचं नाव उमटलं. दहा मिनिटांत पहिला अंगठा आला, मग बदाम. शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "दादा, तुम्ही आलात, आता काळजी नाही." आणि प्रत्येक खुणेखाली साडूचं 'बघितलं' लागोपाठ येत गेलं. याला म्हणतात शरणागती, असं दादांनी ठरवून टाकलं. त्या आठवड्यात त्यांना दुसरं काही सुचेना. चहा पिताना, दाढी करताना, ते आपल्या खुणा मोजायचे आणि मग साडूच्या मोजायचे. शुक्रवारी ते साडूच्या पुढे गेले. बायकोला त्यांनी दोनदा आकडा दाखवला.

सोमवारी शिवणकाम करणाऱ्या मावशी पडल्या.

मावशी पहिल्या ओळीत एकट्या राहतात. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, रक्तदाबाच्या गोळ्या रोजच्या. स्कूटरवरून औषधं पोचवणारी बाई कामावर नवीन होती. ती नकाशा बघत मागच्या गल्लीत आली, तिथे दार नव्हतं, पण भिंतीत फट होती आणि फटीवर मावशींचं नाव होतं. तिनं पाकीट आत सरकवलं आणि 'पोचलं' असा निरोप टाकला. फटीच्या आतल्या बाजूला आता कपाट उभं होतं, पाकीट त्याच्या मागे जाऊन पडलं. मावशींनी निरोप वाचला. पाकीट काही दिसेना, तेव्हा आपणच कुठेतरी ठेवून विसरलो असं समजून त्या चार दिवस घरभर शोधत राहिल्या. कुणाला विचारायची त्यांना लाज वाटली. पाचव्या दिवशी भोवळ येऊन मशीनच्या कडेवर आपटल्या. कपाळाला सात टाके पडले. नर्सबाई शेजारी होत्या म्हणून वेळेवर दवाखान्यात तरी नेलं.

ग्रुपवर नुसता गदारोळ. "खूण कुणी हलवली?" "एवढी साधी गोष्ट कळत नाही?" दादा संडासात जाऊन बसले आणि तिथे वाचत राहिले. आता कुणीही त्या खुणेवर बोट ठेवलं की नाव दिसणार. एकतीस वर्षांची अब्रू एका बोटावर आली होती.

तेवढ्यात साडूचा निरोप आला. "चूक माझी आहे. जागेवर न जाता मी 'बघितलं' लिहिलं. मावशींची माफी मागून आलो. सगळ्या खुणा मी परत तपासतो."

दादांनी सुस्कारा सोडला. सुटलो! पण तो सुस्कारा पुरता बाहेरही पडला नव्हता तोवर बदाम यायला लागले. चाळीस. नव्वद. दोनशे. "केवढं मोठं मन!" "असा माणूस वस्तीला मिळाला हे भाग्य." "चूक कबूल करायला छाती लागते." शाळेतल्या बाईंनी तर हात जोडले. बघता बघता दादांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. एवढे बदाम त्यांना सव्वीस खुणांचे मिळून आले नव्हते.

बाहेर आले तर बायको डोळे पुसत होती. "काय माणूस आहे हो! कुणाची चूक असेल नसेल, यानं स्वतःच्या अंगावर घेतली."

"त्याची कसली चूक? ती चूक माझी आहे!" दादा तावातावानं म्हणाले. "खूण मी हलवली! नाव बघ, माझं आहे! माझी चूकसुद्धा यानं पळवली!"

बायकोनं पदर खाली केला. तिनं त्यांच्याकडे बघितलं ते बराच वेळ. दादांना तेव्हा आपलाच आवाज ऐकू आला, आणि सात टाकेही आठवले. त्यांनी पायांत चपला घातल्या आणि दुकान गाठलं.

साडू फळीवरचे खोके उतरवत होता. दादांना बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

दादा बसले नाहीत. "नाव खुणेखाली लिहिलेलं होतं. तुम्ही बघितलं होतंत. मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं, दादा?"

"मी हलवली म्हणून! उपकार करायचे होते माझ्यावर?"

"उपकार कसले?" साडूनं खोका खाली ठेवला. "मी खोटं नाही लिहिलं. बाकी सगळ्यांच्या खुणा मी दुकान बंद करून, पायी जाऊन बघतो. नर्सबाईंच्या बघतो, सुताराच्या बघतो. तुमच्या नाही बघितल्या. तुम्ही ठेवल्यात म्हटल्यावर काय बघायचं? इथे बसल्या बसल्या लिहून टाकलं, बघितलं म्हणून."

दादांना वाटलं, यानं चार लोकांत आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. जे मिळावं म्हणून ते सहा महिने जळत होते, ते या माणसानं केव्हाच देऊन टाकलं होतं. आणि त्यांनी ते या माणसाला खाली पाडण्यासाठी वापरलं होतं.

त्यांनी तिथेच काउंटरवर फोन ठेवला आणि एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली. अक्षरं दोनदा चुकली. "मावशींची खूण मी हलवली. मी त्यांचं पुढचं दार कधी पाहिलेलं नाही. मला साडूला चुकीचं ठरवायचं होतं म्हणून हलवली." पाठवलं. साडूनं स्वतःच्या फोनवर वाचलं आणि मान खाली घातली.

बदाम आला नाही. अंगठाही आला नाही. आला का ते दादांनी तीनदा बघितलं, सवयच तशी लागली होती, आणि तिसऱ्यांदा बघताना त्यांना स्वतःचीच किळस आली. आठशेच्या आठशे माणसं गप्प होती.

मग दवाखान्यातून घरी आलेल्या मावशींचं उत्तर आलं. "एकतीस वर्षं भिंतीतून कागद टाकलेत. तोंड कधी दाखवलं नाहीत. आता पुढच्या दारानं या, मला काही बोलायचं आहे."

"चांगलं सुनावणार आहेत," दादा म्हणाले.

"सुनावतीलच. मलाही सुनावलं सकाळी, अर्धा तास." साडूनं दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. "मी येऊ बरोबर? दार दाखवतो."

'दार दाखवतो' हे दोन शब्द दादांना कुठेतरी बोचलेच.

"चला," ते म्हणाले, "पण बेल मी वाजवणार."